दुचाकीच्या इंजिनाची वेगगाडी : ठाणे-नवी मुंबईतील नवशिक्यांसाठी क्रमवार मार्गदर्शन

सरळ आणि बंदिस्त धावपट्टीवर एका वेळी एकच गाडी सोडायची आणि ठरलेल्या टप्प्यात तिचा वेग मोजायचा, एवढ्याशा नियमावर वेगगाड्यांचा हा खेळ उभा आहे. अमेरिकेतील युटा राज्यात बॉनव्हिलच्या मिठाच्या मैदानावर १९४९ पासून ऑगस्ट महिन्यात ‘स्पीड वीक’ भरत आला आहे. मैदान पावसाने भिजलेले असेल तर तो रद्दही होतो. ऑस्ट्रेलियात लेक गेर्डनरच्या कोरड्या तळ्यावर आणि इंग्लंडमध्ये एल्व्हिंग्टनच्या जुन्या विमानतळावर असेच मेळावे होतात. इंजिनाच्या क्षमतेनुसार वर्ग पाडलेले असल्यामुळे पाचशे सीसीची गाडी पाच हजार सीसीच्या गाडीशी स्पर्धा करत नाही, आणि म्हणूनच हौशी माणसाला या खेळात खरी जागा आहे. लहान इंजिन म्हणजे कमी वेग, हा समजही बरोबर नाही. १९३९ मध्ये जर्मनीतील डेसाऊजवळच्या महामार्गावर गोल्डी गार्डनर यांनी ११०० सीसी वर्गातील एमजी गाडी ताशी २०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरच्या, वर नेली होती.

मोटारसायकलचे इंजिन चारचाकीत बसवण्याची युक्तीही जुनीच आहे. जॉन कूपर यांनी १९४६ मध्ये दोन फियाट टोपोलिनो गाड्यांचे पुढचे भाग एकमेकांना जोडून, मागे पाचशे सीसीचे जेएपी इंजिन आणि साखळी लावून पहिली गाडी उभी केली, आणि पुढे त्यांच्या कूपर कंपनीने फॉर्म्युला वनचे जगज्जेतेपद मिळवले. अशा कामाला लागणारे लेथवाले, वेल्डर, पत्राकाम करणारे, फायबरवाले आणि पावडर कोटिंगवाले वागळे इस्टेटपासून रबाळे, महापे, पावणेपर्यंतच्या गाळ्यांमध्ये हाकेच्या अंतरावर आहेत, ही आपल्या भागाची मोठी सोय आहे. आपल्याकडे अडचण गाडी बांधण्याची येत नाही, ती पळवायची कुठे याची येते. म्हणून या लेखातला क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे : आधी धावपट्टी, मग तिच्या लांबीत शक्य असलेला वेग, आणि त्या वेगाला पुरेल एवढीच गाडी. बहुतेक नवशिके इंजिनापासून सुरुवात करतात आणि वर्ष-दीड वर्षाने तयार गाडी ताडपत्रीखाली झाकून ठेवतात.

पहिली पायरी : जागा आणि परवानगी

पाम बीच मार्ग किंवा घोडबंदर रस्ता मध्यरात्री मोकळा दिसतो म्हणून ‘एकदाच काढून बघू’ हा विचार मनातून पूर्णपणे काढून टाकावा. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम १८९ नुसार राज्य शासनाच्या लेखी संमतीशिवाय सार्वजनिक ठिकाणी शर्यत लावणे किंवा वेगाची चाचणी घेणे हा गुन्हा आहे. २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास एक वर्षापर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे. शिवाय घरी बांधलेल्या गाडीची नोंदणीच नसल्यामुळे ती गाळ्यातून कोपऱ्यावरच्या पेट्रोल पंपापर्यंतही चालवत नेता येत नाही. इंधन कॅनमधून आणावे लागते आणि गाडी टेम्पोतून न्यावी लागते.

कायदेशीर मार्ग मोजके आहेत. देशातील मोटरस्पोर्टची नियामक संस्था एफएमएससीआय असून चालकाचा स्पर्धा परवाना तिच्याकडूनच घ्यावा लागतो. परवान्याचा अर्ज गाडीचा सांगाडा तयार होण्याची वाट न पाहता आधीच करावा. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅलीच्या खासगी धावपट्टीवर ड्रॅग शर्यती, म्हणजे सरळ पट्टीवरच्या थोड्या अंतराच्या शर्यती, झालेल्या आहेत. अशा शर्यतींत अंतर बहुधा पाव मैल, म्हणजे ४०२ मीटर असते आणि घरी बांधलेली गाडी कोणत्या वर्गात बसेल, किंवा बसेल की नाही, हे आयोजकांच्या नियमावलीवर अवलंबून राहते. ती नियमावली हातात आल्याशिवाय एकही पाईप कापू नये. मध्य प्रदेशात पीथमपूरच्या नॅट्रॅक्स केंद्रात ११.३ किलोमीटरचा वेगवान मार्ग आहे, मात्र तो मुळात वाहन कंपन्यांच्या चाचण्यांसाठी बांधलेला असल्याने हौशी गटाने तो शेवटचे स्वप्न म्हणूनच पाहावा. तिसरा मार्ग म्हणजे चार-पाच जणांनी मिळून एखादी खासगी धावपट्टी एका दिवसासाठी घेणे. त्यासाठी मालकाची आणि स्थानिक प्रशासनाची लेखी परवानगी, जागेवर उभी असलेली रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची सोय हवी. कच्छच्या रणाचा विषय दर गप्पांत निघतोच, पण तिथल्या मिठाच्या थराखाली बऱ्याच ठिकाणी चिखल असतो, आणि तो सरहद्दीचा भाग आहे.

आता अंतराचा हिशेब करू. समजा १५०० मीटर लांबीची धावपट्टी मिळाली आणि चालकासह ३०० किलो वजनाच्या गाडीच्या मागच्या चाकांवर २८ किलोवॉट शक्ती पोचते. गिअर बदलण्यात जाणारा वेळ धरून अशा गाडीला ताशी १६० किलोमीटर गाठायला ढोबळमानाने ६०० ते ७०० मीटर लागतात. वेगमोजणीला १०० मीटर ठेवावेत. या वेगाला गाडी सेकंदाला ४४ मीटर जाते, म्हणजे पाय ब्रेकवर येईपर्यंतच एवढे अंतर सरलेले असते, आणि बेताने ब्रेक लावल्यास थांबायला आणखी २०० मीटर लागतात. बेरीज साधारण १०५० मीटर होते. उरलेले साडेचारशे मीटर पाहून वेग वाढवण्याचा मोह होतो, पण ब्रेक निकामी झाले किंवा थ्रॉटल अडकला तर चालकाकडे तेवढेच उरतात. या धावपट्टीसाठी १६० हेच उद्दिष्ट कागदावर लिहून टाकावे.

दुसरी पायरी : हवेचा हिशेब

वेग वाढतो तसा हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, आणि त्यावर मात करायला लागणारी शक्ती घनाच्या प्रमाणात वाढते. वेग दुप्पट करायचा तर हवेसाठी आठपट शक्ती लागते. गाडीचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ आणि तिच्या आकाराचा अवरोध गुणांक यांचा गुणाकार ही या खेळातली सर्वांत महत्त्वाची संख्या आहे. बसका, पण उघड्या चाकांचा आणि साधा पत्रा मारलेला सांगाडा असेल तर हा गुणाकार सुमारे ०.३ चौरस मीटर धरता येतो. आपल्याकडच्या उष्ण हवेत ताशी १६० ला अशा गाडीला हवेसाठी सुमारे १५ आणि टायरच्या घर्षणासाठी २ किलोवॉट लागतात, तर २०० ला एकूण मागणी ३२ किलोवॉटच्या आसपास जाते. म्हणजे २८ किलोवॉटवर ही गाडी कितीही लांब धावपट्टी दिली तरी १९० च्या जवळ अडकेल. इंजिन तेच ठेवून चाके झाकली, चालकाला जवळजवळ झोपवले आणि हा गुणाकार ०.१२ वर आणला तर कागदावर तीच गाडी २५० ओलांडते. इंजिनाची शक्ती दुप्पट करूनही एवढा फरक पडला नसता. त्यामुळे ज्याच्याकडे पैसे मर्यादित आहेत त्याने ते सायलेन्सर आणि एअर फिल्टरवर घालवू नयेत.

आकार निवडताना मात्र एक गोष्ट वेगापेक्षा वरची आहे. बाजूने वारा आला असता त्याचा एकूण जोर ज्या बिंदूवर येतो तो बिंदू गाडीच्या गुरुत्वमध्याच्या मागे असायला हवा; तरच गाडी आपोआप सरळ राहते. चालक पुढे, इंजिन अगदी मागे आणि नाक लांब, अशा गाडीत नेमके उलटे होते. उपाय दोन आहेत : बॅटरी, इंधनटाकी यांसारखी जड वस्तू शक्य तितकी पुढे घेणे आणि शेपटीला माशाच्या परासारखा उभा पत्रा (फिन) देणे.

तिसरी पायरी : इंजिन आणि त्याची कागदपत्रे

पहिल्या गाडीला एका सिलिंडरचे, पाण्याने थंड होणारे, इंजेक्शनवाले ३५० ते ४०० सीसीचे इंजिन पुरेसे आहे. केटीएम ३९० चे ३७३ सीसीचे इंजिन सुमारे ३२ किलोवॉट देते, त्याचे सुटे भाग सहज मिळतात आणि ते उघडणारे मिस्त्री ठाण्यात गल्लोगल्ली आहेत. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला भारत स्पर्धेतही अनेक संघ हेच इंजिन वापरत आले आहेत, त्यामुळे नेरूळ, ऐरोली, खारघर परिसरातील एखाद्या महाविद्यालयाच्या संघाशी ओळख काढली तर इंजिनाचे माउंटिंग आणि वायरिंग या दोन डोकेदुखींवर तयार अनुभव मिळतो. त्यांच्या नियमांत हवेच्या मार्गात २० मिलिमीटरचा रिस्ट्रिक्टर, म्हणजे हवा रोखणारी अरुंद नळी, बसवावा लागतो. आपल्याला त्याची गरज नाही, म्हणून त्यांची ट्यूनिंग जशीच्या तशी उचलू नये.

सुटे इंजिन भंगारातून उचलण्यापेक्षा अपघातात निकामी झालेली पूर्ण मोटारसायकल घेणे शहाणपणाचे आहे, आणि त्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण कागदपत्रांचे. इंजिन क्रमांक आरसी बुकशी जुळतो का ते स्वतः डोळ्यांनी पाहावे, विम्याचा दावा निकाली निघाल्याचे पत्र आणि विक्रीची पावती घ्यावी, कर्जाचा बोजा उतरला आहे का ते तपासावे, आणि गाडी ज्या आरटीओची असेल तिथे, मग ते ठाण्याचे एमएच ०४ असो वा नवी मुंबईचे एमएच ४३, मूळ मालकाकडून नोंदणी रद्द करून घ्यावी. कुर्ल्याच्या बाजारात स्वस्तात मिळालेल्या बिनकागदी इंजिनावर उद्या चोरीचा शिक्का निघाला तर ते आपल्या गाळ्यातून निघालेले असेल.

दुसरे कारण वायरिंगचे. आजच्या मोटारसायकलचा ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा छोटा संगणक, साइड स्टँडचा स्विच, क्लचचा स्विच, न्यूट्रलचा स्विच आणि गाडी आडवी पडल्याचे ओळखणारा सेन्सर, या सगळ्यांकडून ‘ठीक आहे’ असा संकेत मिळाल्याशिवाय इंजिन सुरू होऊ देत नाही किंवा सुरू ठेवत नाही. किल्लीत इमोबिलायझर (चोरी रोखणारी चिप) असेल तर मूळ किल्लीही लागते. म्हणून पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा) एकही वायर न कापता काढावा, प्रत्येक कनेक्टरला कागदी चिठ्ठी लावून फोटो घ्यावा आणि इंजिन सांगाड्यात बसवण्यापूर्वी जमिनीवर, बाकड्यावर चालवून पाहावे. आडवे पडल्याचा सेन्सर मूळ गाडीत ज्या दिशेने बसवला होता त्याच दिशेने बसवावा. तो फिरला तर इंजिन सुरू होताच बंद पडते आणि माणसे दोन-दोन दिवस टाकीतल्या इंधन पंपाला दोष देत बसतात.

चौथी पायरी : सांगाडा, साखळी आणि गिअरिंग

पाईप कळंबोलीच्या लोखंड बाजारात मिळतो, पण दुकानदाराला नुसता ‘दीड इंची पाईप’ सांगू नये. बाजारात सहज मिळतो तो शिवण असलेला ईआरडब्ल्यू पाईप. रोल केजसाठी, म्हणजे गाडी उलटली तर चालकाला वाचवणाऱ्या पिंजऱ्यासाठी, कोल्ड ड्रॉन सीमलेसच (बिनशिवणीचा) हवा आणि त्याचे टेस्ट सर्टिफिकेट मागून घ्यावे. एफआयए या मोटरस्पोर्टच्या जागतिक संस्थेच्या नियमांत मुख्य कमानीसाठी किमान ४५ मिलिमीटर व्यास आणि २.५ मिलिमीटर जाडी, किंवा ५० मिलिमीटर व्यास आणि २ मिलिमीटर जाडी, असे माप दिलेले आहे. स्पर्धेची नियमावली वेगळे माप मागत असेल तर अर्थातच ते पाळावे. वेल्डिंग करणारा गेट-ग्रिलची कामे कितीही सफाईने करत असला तरी त्याच्याकडून आधी त्याच पाईपचे दोन तुकडे जोडून घ्यावेत, ते करवतीने उभे कापावेत आणि धातू मुळापर्यंत वितळला आहे का ते पाहावे. खाडीच्या दमट हवेत उघडा पाईप एका रात्रीत गंज धरतो. जोड पूर्ण झालेल्या भागाला त्याच दिवशी प्रायमर मारावा, विशेषतः काम पावसाळ्यात चालू असेल तर.

मागचा आक्सल सरळ रेषेच्या धावेसाठी डिफरन्शियलशिवाय (वळताना दोन चाकांना वेगवेगळे फिरू देणाऱ्या गिअरपेटीशिवाय), एकसंध ठेवता येतो. मोटारसायकलचे पुढचे स्प्रॉकेट (साखळीचे दातेरी चाक) इंजिनाच्या एका बाजूला असते, म्हणून मागचे स्प्रॉकेट त्याच्या नेमक्या रेषेत येईल असे इंजिन सरकवून बसवावे आणि रेषा दोऱ्याने तपासावी. एक-दोन मिलिमीटरचा तिरकेपणाही या वेगाला साखळी खाऊन टाकतो. साखळीवर जाड पोलादी कवच अत्यावश्यक आहे. तुटलेली साखळी मागे बसलेल्या इंजिनातून सरळ चालकाच्या पाठीकडे येते.

गिअरिंगचा हिशेब बाजारातून स्प्रॉकेट आणण्याआधी करावा. समजा इंजिन मिनिटाला ९००० फेऱ्यांवर सर्वाधिक शक्ती देते, प्रायमरी (इंजिन आणि क्लच यांमधली गिअरजोडी) आणि सहावा गिअर मिळून २.२४ पट मंदावणी होते आणि चाकाचा घेर १.७६ मीटर आहे. ९००० ला २.२४ ने भागले की पुढच्या स्प्रॉकेटच्या ४०१८ फेऱ्या मिळतात. मोटारसायकलला मूळचे १५ आणि ४५ दातांचे स्प्रॉकेट असेल, तर गुणोत्तर ३ येते आणि ९००० फेऱ्यांवर गाडी १४१ वर थांबते. मागचे स्प्रॉकेट ३८ दातांचे केले की तीच संख्या १६७ होते, म्हणजे आपले १६० चे उद्दिष्ट थोडी फट ठेवून गाठता येते. ३३ दातांवर कागदावर १९३ दिसतात, पण दीड किलोमीटरच्या पट्टीवर ते कधीच येणार नाहीत आणि सुरुवातीची ओढ मात्र कमी होईल.

पाचवी पायरी : टायर आणि ब्रेक

टायरच्या बाजूवर मापानंतर एक इंग्रजी अक्षर असते आणि ते सर्वाधिक वेग सांगते : एल म्हणजे १२०, पी म्हणजे १५०, एस म्हणजे १८०, एच म्हणजे २१० आणि व्ही म्हणजे २४० किलोमीटर. रिक्षाचे किंवा स्कूटरचे टायर हलके, अरुंद आणि स्वस्त असल्यामुळे मोहात पाडतात, पण त्यावरचे अक्षर वाचले की मोह संपतो. १६० साठी किमान एच घ्यावा. त्याच बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ‘२३२४’ असेल तर टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. गाळ्यात पाच वर्षे पडून राहिलेला न वापरलेला टायर नवा नसतो. व्हॉल्व्हला धातूची टोपी लावावी आणि चाके बसवण्याआधी बॅलन्सिंग करून घ्यावे. मोटारसायकलचा टायर झुकून वळण्यासाठी गोल घडवलेला असतो, म्हणून चारचाकीला लहान कारचेच टायर बसवणे मला योग्य वाटते. ब्रेक पुढच्या आणि मागच्या चाकांना स्वतंत्र मास्टर सिलिंडरचे (पेडलचा दाब ब्रेकच्या तेलाला देणाऱ्या पंपाचे) हवेत, म्हणजे एक नळी फुटली तरी दुसरी काम करते.

सहावी पायरी : अंगावरचे कवच

फायबरचे नाक घडवायला थर्माकोलचा साचा सर्वांत सोपा; मखरे करणारे कारागीर तापलेल्या तारेने तो हवा तसा कापून देतात. एक धोका लक्षात ठेवावा. फायबरवाल्यांकडचे नेहमीचे पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलला लागताच तो विरघळतो. साच्यावर आधी प्लॅस्टरचा किंवा रुंद चिकटपट्टीचा अखंड थर द्यावा, किंवा महाग पडले तरी इपॉक्सी वापरावे. कवच चार-पाच चाव्यांनी झटकन निघेल असे बसवावे, कारण प्रत्येक धावेनंतर ते काढायचे असते.

सातवी पायरी : चालकाचे संरक्षण

या भागात काटकसर चालत नाही, आणि एकूण खर्चात हा वाटा बाजूला काढूनच इंजिनाचा विचार करावा. रस्त्यावरचे आयएसआय हेल्मेट इथे चालणार नाही. मोटारशर्यतीसाठीच्या स्नेल एसए प्रमाणित हेल्मेटचे अस्तर आगीला दाद देत नाही आणि रोल केजवर डोके आपटण्याची चाचणीही त्यावर झालेली असते. मोटारसायकलच्या हेल्मेटवर ती नसते. सहा टोकांचा एफआयए प्रमाणित पट्टा, मानेसाठी हान्स (डोके झटक्याने पुढे जाऊ नये म्हणून हेल्मेटला जोडायची खांद्यावरची चौकट), अग्निरोधक सूट, हातमोजे, बूट आणि डोक्यावरची टोपी हे सगळे हवे. पट्ट्यावर वैधतेचे साल छापलेले असते; ते उलटून गेलेला पट्टा कुणी फुकट दिला तरी घेऊ नये. गाडी उघडी असेल तर उलटल्यावर हात बाहेर फेकले जाऊ नयेत म्हणून हातांचे पट्टेही लावावेत.

विद्यार्थ्यांच्या फॉर्म्युला स्पर्धांत चालकाने पाच सेकंदांत गाडीबाहेर पडून दाखवावे लागते. तीच कसोटी गाळ्यात, पूर्ण सूट घालून, पट्टे बांधून आणि स्टिअरिंग लावून घ्यावी. मग डोळे बांधून पुन्हा घ्यावी, कारण धुरात काही दिसत नाही. मुख्य विद्युत स्विच चालकाच्या हाताशी एक आणि बाहेरून मदतनिसाला सापडेल असा एक, असे दोन ठेवावेत.

आठवी पायरी : पहिला दिवस

तीन मीटर लांबीची गाडी छोट्या हत्तीत बसत नाही. त्याचा हौदा जेमतेम सव्वादोन मीटरचा असतो. दहा फुटी हौद्याचा टेम्पो ठरवावा आणि चढवण्यासाठी दोन मजबूत फळ्या सोबत न्याव्यात. मोटारसायकलच्या इंजिनाला रिव्हर्स गिअर नसतो, त्यामुळे धावपट्टीच्या टोकाला गाडी हाताने वळवायला तीन माणसे लागतातच. नोव्हेंबर ते फेब्रुवारीतील सकाळ उत्तम; ऊन चढले की वारा सुटतो.

सुरू करण्यापूर्वी पूर्ण धावपट्टी पायी चालून खडे आणि खिळे वेचावेत. पहिली धाव ८० ला, दुसरी १०० ला, आणि त्यापुढे दर वेळी फार तर वीस किलोमीटरची वाढ. बॉनव्हिललाही नवख्या चालकाला ठरावीक वेगांच्या पायऱ्या चढतच वरच्या वेगाचा परवाना मिळतो. प्रत्येक धावेनंतर कवच काढून साखळीचा ताण, चाकांचे नट, वेल्डिंगचे जोड आणि टायरचा हवादाब पाहावा, आणि वहीत वेग, इंजिनाच्या सर्वाधिक फेऱ्या, पाण्याचे तापमान आणि वाऱ्याची दिशा लिहावी. फेऱ्या हिशेबाइतक्या चढल्या पण वेग कमी दिसला तर चाक घसरते आहे किंवा क्लच सुटतो आहे; फेऱ्याच चढल्या नाहीत तर हवा जड जाते आहे किंवा मागच्या स्प्रॉकेटचे दात कमी आहेत.

मोजणीसाठी सेकंदाला किमान दहा नोंदी करणारा जीपीएस लॉगर सरावाला पुरतो. मोबाइलचा जीपीएस नाही. वाऱ्याचा फायदा वजा व्हावा म्हणून जागतिक विक्रमांसाठी एकाच मार्गावर दोन्ही दिशांनी, मोटारींच्या बाबतीत एका तासाच्या आत, धाव घ्यावी लागते आणि दोन्हींची सरासरी धरली जाते. आपला आकडा कुठे नोंदवला जाणार नसला तरी हीच पद्धत ठेवावी आणि वहीत दोन्ही दिशांचे वेग वेगवेगळे लिहून त्याखाली सरासरी मांडावी. दोन दिशांत दहा किलोमीटरपेक्षा जास्त फरक आला तर त्या दिवशी वाऱ्यात पुढची वाढ करू नये.